परसातल्या मेंढ्या

रहिमतपूर, चैत्र

ती. मनुआत्यांना शिवांजलीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. इथे सर्वांच्या तब्येती उत्तम. आबांची (म्हणजे तुमच्या बंधूंची, सुभेदार साहेबांची) जरा जास्तच.

आई गेल्यापासून परसातल्या गुंठ्यात कुणी काही लावलेलं नाही. तिथे गाडीसाठी ब्लॉक बसवायचे, असं आबांनी ठरवलं. मी अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत घेतली: भेंडी उगवली तर ब्लॉक रद्द. मी ठिबकच्या कंपनीत अभियंता असल्यामुळे निकालाची शंका नव्हती. माती तेवढी हलकी निघाली. आपल्याकडे खतासाठी उसाच्या रानात मेंढ्या बसवतात, मग परसात का नाही, असा मी विचार केला. आटपाडीकडचे मेंढपाळ हरिबा कळप घेऊन ओढ्याकाठी उतरले होते. त्यांना मी क्षेत्रफळ सांगून बारा मेंढ्या मागितल्या. त्यांनी हिशेब आदराने ऐकला आणि म्हणाले, "आवं ताई, एक उठली की समदी उठत्यात. बारा कशा आणू?" समद्या आल्या. गुंठा भरला, मग बोळ, मग ओटा. एक मेंढा न्हाणीघरात शिरला (आबा आत होते). आबा टॉवेलनिशी शांतपणे बाहेर आले आणि एवढंच विचारलं, "ह्या पलटणीचा सुभेदार कोण?" हरिबांनी माझ्याकडे बोट केलं.

खत मात्र भरपूर मिळालं. लेंडी मुरू द्यायला हवी होती, पण मुदत माझी होती, लेंडीची नव्हती. लगेच पेरलं. आठवड्यात वाफे हिरवे झाले. आबांनी चष्मा लावून पाहिलं, "बरं उगवलंय" म्हणाले, आणि तेव्हापासून माझं ठिबक बंद करून रोज स्वतः झारीने पाणी घालतात. प्रयोग यशस्वी झाला, हे कळवण्यासाठीच हे पत्र.

आपली,
शिवांजली

ता. क. उगवली ती भेंडी नाही, बाभूळ आहे. मेंढ्या शेंगा खातात, बी पचत नाही, आणि लेंडीतून पडलेलं बी जोरात उगवतं. ताज्या खताने भेंडी जळाली. आबांना कळलेलं नाही. विट्याहून तुमच्या रविराजबरोबर भेंडीची रोपं गुपचूप पाठवा.

आणखी एक. रोपं पाठवू नका. आज कोरेगावच्या रोपवाटिकेत फोनवर चौकशी केली, तर आबा कालच रोपं सांगून गेलेत. "पोरगी घरात नसंल तवा नेतो, तिला कळता कामा न्हाई," असं बजावून. (सुभेदाराला बाभूळ ओळखता येणार नाही, हे माझं गृहीतक चुकलं.) अडचण अशी की माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे मी घरात नसते असं होतच नाही. तरी शनिवारी चार दिवसांसाठी तुमच्याकडे येते. कारण तुमचा गुडघा सांगितलं आहे. आबांचा फोन आलाच, तर जरा लंगडत बोला.