तुमच्या नावाने मेलेला माणूस

आबा, तुमच्यावर चिडून लिहितो आहे, हे आधीच सांगतो. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, आणि तुम्हाला जाऊन तर पंधरा वर्षं होत आली. पण आठ दिवस झाले, माझं बूड एका जागी टिकत नाही. देहूरोडच्या डेपोत खुर्चीवर बसतो आणि लगेच उठतो. लोणावळ्याच्या खोलीवर येऊन चहा करतो आणि प्यायचा विसरतो. बायको म्हणते, "अहो, अंगात वारं शिरलंय का?" तिला काय सांगू, कपाळ?

काकाचा ठावठिकाणा काढायचं हे काम मला काकूनेच सांगितलं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा ती चुलीपुढे खोकत बसली होती. तुमच्या धाकट्या भावाची बायको. चाळिशी आत्ता कुठे ओलांडली असेल, पण पाठ पार वाकली आहे. काका मागच्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईला गेला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्यानंतर ना माणूस आला, ना सांगावा. मला म्हणाली, "लेका, तू मिलटरीच्या हापिसात हायस. तेवढं बग की रं. जिता हाय का मेला, येकदा कळू दे. मेला आसंल तर त्याच्या नावानं पानी सोडीन आन मोकळी व्हईन. आसं लोंबकळत मरायचं न्हाई मला." मी म्हटलं, बघतो. एवढंच म्हटलं, आणि तिथून हा भुंगा मागे लागला.

आमच्या सुभेदारांनी माझ्या सांगण्यावरून वरच्या कचेरीला लिहिलं. तिकडून उत्तर आलं की या नावाचा माणूस या गावातून कधी भरतीच झालेला नाही. मी चक्रावलो. भरती झाला नाही म्हणजे काय? लोणावळ्याच्या स्टेशनावर त्याला गाडीत बसवायला अर्धा गाव गेला होता, हे लहानपणापासून ऐकत आलोय. मग कुणीतरी सांगितलं, आंबीला एक म्हातारा पेन्शनर आहे, तो काकाच्याच पलटणीत होता. रविवारी तळेगावला उतरून आंबीपर्यंत पायी गेलो.

म्हातारा ओसरीवर दोर वळत होता. माझी ओळख सांगितली तसा टक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "आरं, त्याच्या नावानं कसा सापडंल? त्यो तुज्या बाच्या नावावर आलता. पाटलानं घरटी एक गडी लिवून दिला, तुमच्यातनं थोरला म्हनून तुज्या बाचं नाव गेलं. तवा तू आयच्या पोटात. धाकला म्हनला, दादा, तू ऱ्हा हितं, मी जातो. साहेबाला काय, ह्यो गेला काय आन त्यो गेला काय! पयल्या पयल्यांदा हजेरीला नाव पुकारलं की त्यो आपला गपच. हवालदार आयमाय काढायचा. आमी कोपरानं ढोसायचो, आरं, तूच की त्यो!" बोलता बोलता म्हातारा हसला, आणि मग डोळे पुसायला लागला. नदीकाठी गोळी लागली, जागेवर गेला, म्हणाला.

मग सुभेदारांनी तुमचं नाव घालून पुन्हा लिहिलं. कागद आला. तुम्ही मेलेले आहात, आबा. गाव तेच, बापाचं नाव तेच. आणि खाली एक ओळ होती : घरच्यांना पत्राने कळवले आहे.

ते पत्र तुमच्याच हातात पडलं असणार. चौथी शिकलेले तुम्ही. गावात कुणाचंही टपाल आलं तरी वाचून तुम्हीच दाखवायचात. स्वतःच्या मरणाचं पत्र वाचलंत, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात.

घाबरलात, हे कळतं मला. दुसऱ्याला आपल्या नावावर धाडलं म्हणून सरकार धरून नेईल, असं वाटलं असेल. दारात आई, पदरात मी. तिथवर मी तुमच्याशी भांडत नाही. पण मी सहा-सात वर्षांचा असतानाची ती दुपार आठवते का? काकूचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आहे. मी दाराच्या फळीला टेकून उभा आहे. तो हात जोडून तुम्हाला म्हणतो, "दाजी, काय खरं आसंल ते सांगा. मेला आसंल तर पोरीचा पाट लावू, दुसरं घर बघू. उभा जन्म हाय तिच्यापुढं." आणि तुम्ही जमिनीकडे बघत म्हणता, "कागद आलेला न्हाई. नवरा जिता आसताना पाट कसा लावायचा?" आत काकू भाकरी थापत होती, ती थापायची थांबली. मी मधेच काहीतरी विचारलं, तर तुम्ही मला मुस्काटात दिलीत. तुमच्या हातचा तेवढाच एक मार मला आठवतो. तो कुणाला बसायला हवा होता, ते आज समजतंय.

लढाई संपून तेव्हा पाच वर्षं झाली होती, आबा! सरकार कुठलं विचारायला येणार होतं? एक शब्द सांगितला असतात तर तिला घर मिळालं असतं, पोरंबाळं झाली असती. गाव उलट तुमचंच कौतुक करायचं, भावाची आशा सोडत न्हाई बघा, म्हणून. तुम्ही ते ऐकून घ्यायचात.

काल तो कागद खिशात घालून गावी गेलो. सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही, असं वाटेत शंभरदा घोकलं. काकू अंगणात उन्हाला बसली होती. "काय रं, लागला का ठाव?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही काकू. फार जुनं झालं. काही सापडत नाही."  मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लय हिंडलास माज्या पायी. जेव आता."

आणि मी जेवलो, आबा. तिनेच वाढलं.

तुमची अब्रू राखायला खोटं बोललो, असं रात्रभर मनाला समजावलं. ते खरं नाही. आई शेतावर जायची, मला काकूनेच वाढवलं. अजून मला लेकाच म्हणते. ज्याच्यासाठी तिचा नवरा गेला तो मी, हे कळल्यावरही ती तसंच म्हणेल का, एवढीच मला भीती वाटली.