भरती कोणाची

आदरणीय आनंदरावदादा,

खाप्यातल्या सर्व थोरामोठ्यांना माझा नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. तुम्ही माझ्या बायकोचे वडीलभाऊ, म्हणून तुम्हालाही नमस्कार आहेच, पण तो चालू भांडणातला समजावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची शुगर कशी आहे? त्यांना सांगा, इथे सकाळी गूळ-शेंगदाणे देतात आणि ते खाताना दर वेळी त्यांची आठवण येते, कारण त्यांना ते चालत नाहीत.

आता मुद्दा. तुम्ही त्या दिवशी दुकानात येऊन म्हणालात, "जवाईबापू, एका संस्थेत भरती आहे, चला." अक्षराची बाह्यरेषा काढून झाली की आत रंग भरायच्या कामाला माझ्या दुकानात भरती म्हणतात (शब्द माझाच, गुरू केला असता तर गुरूचा वापरला असता), हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी धुतलेला सदरा घातला, चांगले ब्रश फडक्यात गुंडाळले आणि तुमच्या गाडीत बसलो. कळमन्याचा बाजार मागे पडला, वस्ती विरळ झाली, तरी मला संशय आला नाही. फाटकावर मोठा बोर्ड होता, 'व्यसनमुक्ती केद्र'. अनुस्वार गायब! मनात म्हटलं, यांना माझी खरोखरच गरज आहे. आत मुग्धा मॅडम होत्या (इथल्या समुपदेशक, तुमच्या मुलीच्या, सोनिकाच्या वयाच्या). त्यांना मी अनुस्वाराची जागा, आकार आणि त्याच्या अभावी होणारं समाजाचं नुकसान समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "काका, भरती तुमचीच ना?" मी छाती काढून म्हटलं, "माझीच. दुसऱ्याची भरती पसरते." आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली. (सही थरथरली. मी उकाड्याचं नाव सांगितलं. आत कूलर चालू होता.) वळून पाहतो तर तुमची गाडी वळणापार झालेली!

मग मॅडमनी मला भरतीचा दुसरा अर्थ सांगितला. फाटक उघडंच असतं, जायचं असेल तर आत्ता जा, असंही म्हणाल्या. दादा, जवाईमाणसाला लोक 'थांबा, थांबा' म्हणतात आणि तो निघतो, ही आपली रीत. 'जा' म्हटल्यावर काय करायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. तेवढ्यासाठी राहिलो.

पहिल्या दिवसांचं फार लिहीत नाही. धंतोलीहून डॉक्टर यायचे, गोळ्या द्यायचे, नाडी बघायचे. भिंतीवरच्या पालीशी माझं बोलणं झालं, आणि तिची भाषा शुद्ध होती, एवढंच नोंदवतो. पण त्यानंतर जे होऊ लागलं त्याने मी थक्क आहे. चहाला वेलदोड्याचा वास येतो. उशी गार असते. संत्र्याची साल सोलताना बारीक तुषार उडतो आणि उन्हात दिसतो! हे सगळं इतकी वर्षं चालूच होतं म्हणे.

त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे सकाळची बैठक. सगळे गोल बसतात आणि एकेक जण खरं बोलतो. ज्या शहरात पत्ता विचारला तर माहीत नसणाराही हात लांब करून रस्ता दाखवतो, त्या नागपुरात! माझ्या शेजारी धम्मदीप बसतो. कळमन्यात संत्र्यांच्या पेट्या गाडीत चढवायचा. छाती दारासारखी, पण कप धरला की बशी वाजते. तो म्हणाला, "पोरीच्या नामकरणाले मी हजर होतो. तिचं नाव मले दुसऱ्या दिवशी कळलं." कोणी हसलं नाही, कोणी उपदेश केला नाही. मी तोंड उघडं ठेवून बसलो. माझी पाळी आली तेव्हा मी अनुस्वारावर बोललो.

तिथल्या भिंतीवर 'फक्त आज' अशी दोन-दोन अक्षरी शब्दांची ओळ होती, पार उडालेली. (पहिला शब्द तीन अक्षरांचा असावा असं धम्मदीपचं मत, मी जोडाक्षर समजावलं.) मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हीच रंगवा." मी भिंतीला ओल आहे म्हटलं, रंग हलका आहे म्हटलं. तुम्हाला म्हणून खरं सांगतो. सकाळचा घोट घेतल्याशिवाय या हाताने कित्येक वर्षांत रेषा काढलेली नाही. फ्लेक्सवाल्यांनी धंदा खाल्ला तरी लोक माझ्याकडे येतात ते माझ्या शिरोरेषेसाठी. ती जर बाटलीतच राहिली असेल, तर बाहेर येऊन मी कोण?

शेवटी ब्रश हातात घेतला. मागे सगळे उभे.

"काहून थांबला गा, पेंटर?" धम्मदीप.

"ब्रश बरोबर नाही."

"ब्रश बरोबर आहे. तूच हालून राहिला."

मी रागाने रेषा ओढली. खाप्याजवळ कन्हान नदी वळते, तशी ती वळली. एरवी गिऱ्हाईक 'वा' म्हणतं. इथे खरं बोलायची सवय लागलेली, त्यामुळे सर्वांनी एकमताने 'वाकडी' म्हटलं. मी ब्रश खाली ठेवला. बॅग कुठे आहे ते आठवू लागलो.

तेवढ्यात धम्मदीप भिंतीला लागून उभा राहिला. "ठेव हात खांद्यावर."

"मी आजवर रेषा ओढताना मनगट टेकायला काठीसुद्धा घेतली नाही."

"मंग? काठी आहो का मी? मानूस आहो."

ठेवलं मनगट त्याच्या खांद्यावर. तोही कापत होता, मीही कापत होतो. आणि दादा, रेषा सरळ आली! ओली, काळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोऱ्यासारखी. यामागचं शास्त्र मला कळलेलं नाही, आणि मला न कळलेलं शास्त्र फार थोडं आहे. मग धम्मदीपने दबक्या आवाजात विचारलं, "आता श्वास सोडू का, गा?"

तर, माझं इथलं काम झालं आहे. रविवारी भेटीला सोडतात. येताना गाडी आणा. मी बॅग भरून फाटकाशी उभा असेन.

आपला,
मधुसूदन पेंटर

ता. क. : रविवारी जरूर या, पण मला गाडीत घेऊ नका. मी फार पटण्यासारखं बोलेन. मग रुसेन. खाप्यात जवाई रुसला की सगळे धावतात. या वेळी रुसू द्या.

आणखी ता. क. : बोर्डाचा अनुस्वार द्यायचा आहे, तेव्हा माझी रंगाची पेटी आणा. दुकानात फळीवर टर्पेंटाइनचा निळा डबा आहे. त्यात टर्पेंटाइन नाही. तो तुमच्या बहिणीच्या, उत्तराच्या हाती द्या आणि मोरीत ओतायला सांगा. ती म्हणेल, मला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणू द्या. फक्त तेवढं मला कळवू नका.