करीच्या दिवशी गेटाबाहेर

प्रिय विलू,

खामगावच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर आपण दोघं बसलो होतो, आठवतं? दुसऱ्या दिवशी मी सिस्टर लोकांच्या इंग्लिश शाळेच्या होस्टेलला परत जाणार होते, म्हणून आईने लाडवांसाठी नवा स्टीलचा डबा घेतला होता. आत एक म्हातारे काका हातोडी-छिन्नीने नावं घालत होते. टक, टक, टक. "नाव काय टाकू?" त्यांनी विचारलं. आई बाबांचं नाव सांगणार, एवढ्यात तू ओरडलास, "मीना विलास टाका! आमचं दोघाइचं!" आणि काकांनी हसत हसत खरंच तसं टाकलं! होस्टेलमधल्या मुली विचारायच्या, विलास तुझे वडील का गं? मी हो म्हणायचे. कोण समजावत बसणार?

तो डबा अजून माझ्याकडे आहे. झाकण घट्ट बसत नाही, पण नाव जसंच्या तसं आहे.

आज रहेमानचाचांचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. परवा पोळा, तेरवा कर. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. तुझ्या खोलीवरून आणलेलं सामान वर्षभर कपाटात ठेवलंय, ते कुणाला द्यायचं? आणि यंदा करीच्या दिवशी त्यांच्या घराचं गेट लावायचं की उघडं ठेवायचं? "तुम्हीच सांगा ताई," ते म्हणाले, "माह्या तोंडातून तो हुकूम आता निघत नाही." मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मी कुणाला विचारू रे? तुलाच ना?

त्या पायरीवरच तुझं पुढचं सगळं ठरलं, असं मला वाटतं. मोठा झालास आणि त्याच बाजारात नावं घालायला बसलास. छिन्नी गेली, विजेचं मशीन आलं. लग्नसराईत तुला जेवायला फुरसत नसायची. 'मामाकडून सप्रेम भेट', 'आत्याकडून सप्रेम भेट'. अर्ध्या खामगावच्या स्वयंपाकघरात तुझं अक्षर आहे, विलू. मग हात कापायला लागला. अक्षरं वाकडी येऊ लागली आणि दुकानदाराने ये म्हणणं बंद केलं. दारू आधी आली की आधी हात कापायला लागला, हे मला कधी कळलं नाही. तुला तरी कळलं होतं का?

तू जलंबच्या स्टेशनवर राहतोस असं कळलं आणि मी धावत आले. फलाटाच्या टोकाला, पोत्यावर बसला होतास. दाढी वाढलेली, पाय सुजलेले. मी रडायला लागले, तर तू काय म्हणालास? "ताई, तू रडते बी इंग्लिशमंदीच का वं?" मी हसले. अशा वेळी मला हसवलंस, याचा राग अजून गेलेला नाही.

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यावर तू माझ्याकडे बुलढाण्याला यावंस असं मला वाटत होतं. तुला नको होतं. "जावयाच्या घरी मी चोरावानी बसू का?" म्हणून तू चाचांच्या घरात गेलास. कापसाच्या जुन्या जिनिंग मिलच्या मागच्या त्या चार खोल्या. गल्लीतले लोक त्याला 'बेवड्याइचं घर' म्हणायचे, तुम्ही म्हणायचात 'मधलं घर'. रस्ता आणि आपलं घर यांच्या मधलं. दारू सुटलेली पण जायला ठिकाण नाही, अशा माणसांनी तिथे काही महिने राहायचं, दिवसा कामाला जायचं, संध्याकाळी परत यायचं, आळीपाळीने स्वयंपाक करायचा आणि पाय स्थिर झाले की स्वतःची खोली बघायची. चाचा पूर्वी ट्रक चालवायचे. त्यांची स्वतःची दारू सुटली, तेव्हा त्यांनी हे घर सुरू केलं.

तिथली एक रीत मला फार आवडायची. नवा माणूस कोऱ्या ताटात जेवायचा. तो टिकतोय असं चाचांना वाटलं की ताटावर त्याचं नाव पडायचं, आणि घर सोडताना ते ताट तो बरोबर न्यायचा. ही रीत तू आल्यावरच पडली ना? तुझ्या हाताला पुन्हा वळण लागावं म्हणून चाचांनी कुठूनसं जुनं मशीन आणून तुला दिलं होतं. अनिल, गजानन, शब्बीर, सगळ्यांची नावं तू घातलीस. तुझं ताट मात्र कोरंच! मी विचारलं तर म्हणालास, "आपल्या हातानं आपलंच नाव थोडी टाकतेत वं? भांड्यावर नाव देनाऱ्याकडून पडते. तुह्याकडून टाकतो. पन तू समोर बस."

गेल्या वर्षी राखीला मी आले होते. राखी बांधली, ताट पुढ्यात घेतलं, 'मीनाताईकडून' असं तू खडूने लिहिलंससुद्धा, आणि विजेची लाईन गेली! आपण वाट बघत बसलो. शब्बीर म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ हाये, लाईनले बी लाजवते." किती हसलो सगळे! लाईन आली नाही. माझी एसटी निघायची वेळ झाली. "जाऊ दे," तू म्हणालास, "दिवाळीले टाकू." खडू तू बाहीने पुसलास.

राखीनंतर लगेच तुला खोली मिळाली. त्याच दुकानदाराने कामावर परत घेतलं. कोरं ताट घेऊन तू मधल्या घरातून निघालास. मी नवसाचे पेढे वाटले. घाई केली का रे मी?

मग पोळा आला, आणि दुसऱ्या दिवशी कर. आपल्याकडे करीला काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. घरोघरी मटण, गल्लोगल्ली बाटल्या. जुने दोस्त मधल्या घराच्या गेटावर येऊन हाका मारतात. म्हणून त्या दिवशी गेटाला आतून कुलूप. आणि हाक कुणाचीही असो, अगदी ओळखीची असली तरी, उघडायचं नाही. हा कायदा आदल्या वर्षी तूच करून घेतला होतास! अनिलने मला तुझे शब्द सांगितले, "आवाज वयखीचा असन तं अजून घट्ट लावा. माय आली तरी उघडू नोका."

दुपारी तू आलास. कडी वाजवलीस. "अनिल्या, उघड बे, मी होय."

अनिल उठला होता. "चाचा, विलासभाऊ हायेत." चाचा किल्ली मुठीत धरून बसले होते. ते म्हणाले, "त्यानंच सांगतलं होतं. आवाज वयखीचा असन तं घट्ट लावा." तू आणखी दोनदा हाक मारलीस. मग आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू कापूस बाजाराच्या शेडमध्ये सापडलास, गार पडलेला. शेजारी रिकाम्या बाटल्या होत्या.

गेटावर आलास तेव्हा तू प्यायलेला होतास का? लोकांनी मला हे तोंडावर विचारलं. मला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की गेट उघडलं तेव्हा बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेलं तुझं ताट मिळालं. घासलेलं, स्वच्छ. तू जेवायला आला होतास, विलू! खोलीत एकट्याने ती दुपार निघेना, म्हणून जेवायला आला होतास.

हे कळून काय उपयोग झाला? चाचांचं अन्न तुटलं. गजाननने आठवडाभरातच पुन्हा बाटली धरली, तो कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. शब्बीर निघून गेला. आता तिथे चौघं उरलेत आणि नवा कुणी टिकत नाही. ज्या घराने तुला आत घेतलं नाही, ते तुझ्यामुळेच मोडतंय. चाचांवर रागवावं म्हणून मी गेले होते. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मान खाली घातली. म्हणून आता तुझ्यावरच रागावते. एवढा कडक कायदा कशाला केलास रे? स्वतःसाठी एक फट तरी ठेवायचीस!

पण गेट उघडं ठेवा, असंही माझ्याने सांगवत नाही. आत अनिल आहे. त्याच्या जुन्या दोस्तांच्या हाका मला माहीत आहेत.

म्हणून मी ठरवलं आहे. करीच्या दिवशी गेट बंदच राहील. पण बाहेर खुर्ची टाकून मी बसेन, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. आतल्यांना नुसता आवाज येतो, मला माणूस दिसेल. जो भुकेने आला असेल, त्याला मी तिथेच वाढीन. कुणी येईल असं मला वाटत नाही. यायला हवा होता तो येऊन गेला. तरी दर करीला, जोवर एसटीची पायरी चढवते आहे तोवर, मी तिथे असेन. हा माझा शब्द.

आता तुझं सामान. चाचांना उद्या हेच सांगणार आहे, पण आधी तुला. वाकळ चाचांना, त्यांना हल्ली थंडी सोसत नाही. दोन्ही सदरे आणि चपला नव्याने येईल त्याला. रेडिओ शब्बीरचा, तो परत आला तर. नाही आला तर तिथेच वाजू दे. मशीन अनिलला. त्याने पहिलं नाव तुझ्या ताटावर घालावं, मी समोर बसेन, लाईन जाईल तितक्यांदा थांबेन. 'मीनाताईकडून विलासला', एवढंच.

ताट मात्र कुणालाच नाही. ते माझ्यासोबत गेटाबाहेर राहील, डब्याशेजारी. डब्यात लाडू असतील.

तुझी,
मीनाताई