पोच आणि पोचा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वैराग, १८ ऑगस्ट २०२५

चि. गुरुशांत यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट पोचलं. आत पत्र नव्हतं. आरटीओचा एक कागद होता आणि त्यावर पेन्सिलीने तीन फुल्या. बत्तीस वर्षं बँकेत काढून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या भावाला बहीण म्हणजे फुलीवर सही करणारी खातेदार वाटावी, यात नवल नाही. तरी उत्तर पत्रानेच देते आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी बाहेर पडले ती रागावून नव्हे. एका सकाळी तू पाठवलेले गाडीच्या एकाच नटाचे सात फोटो आले आणि खाली तुझ्या बायकोने, धनलक्ष्मीने, हात जोडले होते. ते कौतुकाचे की सुटका मागणारे, हे मला ठरवता येईना. फोनवर तू नुसतं हं म्हणतोस. पत्रात निदान कर्ता आणि क्रियापद लागतं.

अप्पांची येझदी मोटरसायकल तू घरातच पुन्हा उभी करतो आहेस, हे मात्र छान. अव्वाने फोनवर सगळं सांगितलं. फ्रिजमध्ये दह्याशेजारी बेअरिंग निघालं म्हणे, आणि तव्यावर इंजिनाचं अर्धं कवच तापत होतं. त्याच तव्यावर मग भाकरी झाल्या आणि तुला त्या नेहमीपेक्षा चवदार लागल्या, असंही म्हणाली.

त्या गाडीची एक गंमत मला अजून आठवते. एकच कांडी, आत दाबून उभी केली की किक, आडवी पाडली की गिअर. अप्पा दाखवत होते तेव्हा मी अकरावीत होते. मी म्हटलं, अप्पा, याला श्लेष म्हणतात, एक शब्द आणि दोन अर्थ. अप्पा म्हणाले, श्लेषाने गाडी चढ चढत नाही.

आता कागदाचं. अप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. वारस तिघं : अव्वा, तू आणि मी. गाडी तुझ्या नावावर व्हायला माझी सही हवी. देते, पण एक अट आहे. टाकीला जो पोचा आहे तो तसाच राहिला पाहिजे. रंग दे, आरसा कर तिचा, पोच्याला हात लावायचा नाही. कारण विचारू नकोस.

या पत्राची पोच दे. पोच आणि पोचा, दोन्हींची वाट पाहते.

लोभ आहेच, वाढव म्हणत नाही, गंजू देऊ नकोस.

अक्का


सोलापूर, २९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दि. १८ चं पत्र मिळालं, मजकूर ध्यानात घेतला. उशिराचं कारण इंजिन. पिस्टन बसला, रिंगा बसल्या. दोन्ही सायलेन्सर मुलामा देऊन आले. वायरिंग मी स्वतः केलं, म्हणजे मोबाइलवर बघून केलं. हॉर्न दाबला की मागचा दिवा लागतो, तेवढं राहिलंय. टाकीतला गंज चिंचेच्या पाण्यानं काढला. ही अव्वाची सूचना. म्हणाली, देवाची पितळी भांडी निघतात तर तुझ्या बापाची टाकी का निघणार न्हाय. निघाली की. आता घरात चिंच नाही, सबब आमटीला चव नाही, आणि त्याबद्दल धनलक्ष्मी माझ्याशी बोलत नाही.

पाऊसपाणी ठीक. अव्वाची तब्येत ठीक.

पोच्याबाबत : पोचा आहे. काळजी नसावी. फोटो सोबत जोडला आहे. कागद दिवाळीआधी द्यायचे आहेत, तरी विचार व्हावा.

कृपा असावी, आणि ती शक्यतो सहीच्या रूपात असावी.

आपला,
गुरुशांत


वैराग, ५ सप्टेंबर २०२५

चि. गुरुशांत यास,
अ. उ. आ.

चिंचेवर तू अख्खा परिच्छेद लिहिलास आणि पोच्यावर चार शब्द, तेव्हाच मला शंका आली. भिंग घेऊन फोटो पाहायला बसले. यांनी विचारलं, कुठली पोथी लावतेस. मी म्हटलं, पोथी नाही, पाठभेद तपासते आहे.

पहिली गोष्ट, पोचा नवा आहे. सदतीस वर्षांच्या पोच्याच्या कडा मवाळ होतात. हा काल जन्मल्यासारखा टवटवीत आहे. दुसरी गोष्ट, तो उजव्या बाजूला आहे. फोटो उलटा छापला असेल म्हणून नंबराची पाटी पाहिली. आकडे सरळ आहेत.

न्यायशास्त्रात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. असलेली वस्तू मोडून टाकल्यावर जो उरतो तो प्रध्वंसाभाव. तो तुझ्या टाकीच्या डाव्या बाजूला आहे. उजव्या बाजूला जे आहे त्याला शास्त्रात नाव नाही. तुमच्या बँकेत बनावट म्हणत असतील.

रागावलेले नाही. पण फोटो पाहिला त्या दिवशी संस्कृतच्या वर्गात मी तीन रूपं चुकले आणि नववीच्या मुलींनी ती सुधारली. एवढंच सांग, तू उजवी बाजू का निवडलीस? सही अजून पेनातच आहे.

प्रेम पूर्वीइतकंच, विश्वासाची तपासणी चालू आहे.

अक्का


सोलापूर, १२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिहितो. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच पोचा गेला होता. सात रस्त्याच्या मागं चन्नप्पा म्हणून पत्र्याचं काम करणारा म्हातारा आहे, त्यानं काढला. पत्र वाचलं आणि तीच टाकी घेऊन मी धनलक्ष्मीसह परत त्याच्याकडं गेलो. म्हटलं, एक पोचा घालून दे. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग धनलक्ष्मीकडं बघितलं आणि तिला विचारलं, वैनी, साहेबांना रिटायर होऊन किती दिवस झाले. मला म्हणाला, चाळीस वर्षं पोचे काढतोय, घाल म्हणणारे तुमी पयले. शेवटी लाकडी हातोडा उचलून विचारलं, डावीकडं का उजवीकडं. मी पायजमा वर करून उजवा गुडघा दाखवला.

आधीचा फोटो एकही नाही. नटांचे चारशे आहेत. टाकी सोडवली तेव्हा मी तिच्याकडं धड बघितलंही नाही, कारण तो पोचा मला बघायचाच नव्हता. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी न विचारता गाडी काढली, ते तुला ठाऊक आहे. सात रस्त्याच्या वळणावर उजव्या अंगावर पडलो, गुडघा फुटला. संध्याकाळी अप्पांना टाकीचा पोचा दिसला आणि माझा गुडघा दिसला. एक थोबाडीत दिली, ती गेली. पण वर म्हणाले, या पोराला पोच नाही. ते राहिलं. त्या दिवसापासून किल्ली त्यांच्या करदोट्याला. पुढं मी बँकेत ऑफिसर झालो, तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडं आल्या, आणि घरी मोटरसायकलची किल्ली मागायची सोय नाही. शेवटच्या आजारपणातही ती उशीखाली होती.

म्हणून सगळ्यात आधी पोचा काढून घेतला. वाटलं, त्याच्याबरोबर ते वाक्यही जाईल.

तू डावीकडं म्हणतेस. मी उजवीकडं पडलो, हे माझा गुडघा शपथेवर सांगेल. मग पोचा डावीकडं कसा आला, एवढं तुझ्या न्यायशास्त्राला जरा विचार.

राग नसावा, असल्यास व्याजासकट कळवावा.

गुरुशांत


वैराग, २० सप्टेंबर २०२५

चि. गुरू,

आज आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे का, हे पत्र वाचून तू ठरव.

सही केलेला कागद सोबत आहे. तो आधी काढून बाजूला ठेव, म्हणजे पुढचं वाचून त्याच्यावर राग निघायला नको.

पोचा माझा आहे. तू पडलास त्याच्या आदल्या दुपारी अप्पा दुकानात होते, अव्वा शेजारी करंज्या करायला गेली होती, तू क्रिकेट खेळत होतास. मी परकर खोचून गाडी अंगणाच्या मधोमध आणली. तिसऱ्या किकला सुरू झाली. पहिला अर्थ लागला, म्हणून मी दुसरा लावायला गेले. कांडी आडवी पाडून पाय दिला आणि गाडी मला घेऊन डावीकडे वाटणाच्या दगडी रगड्यावर आदळली. रगड्यावर रेलली म्हणून मला सरळ तरी करता आली. मग पोचा भिंतीकडे जाईल अशी ती लावून ठेवली आणि आत जाऊन धातुरूपं पाठ करत बसले.

दुसऱ्या दिवशी तू गाडी नेलीस आणि परत आणून उलटी लावलीस. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, हे कुणी केलं, तेव्हा मी दारात उभी होते. तू मान खाली घातलीस. मी पुस्तकात पाहिलं आणि जरा मोठ्याने म्हणू लागले. थोबाडीतचा आवाज तरीही ऐकू आला.

तीस वर्षं मी कर्मणि प्रयोग शिकवते आहे. पोचा पाडला गेला, असं म्हटलं की कर्त्याचं नाव सांगावं लागत नाही. या प्रयोगाची सोय मला फार आधीच कळली होती.

वाटलं होतं, तू गाडी घेऊन वैरागला येशील तेव्हा त्या पोच्यावर हात ठेवून सांगेन. तो अट म्हणून मागितला तो यासाठी. आता हात ठेवायला जागाच नाही, म्हणून कागदावर लिहिते. त्या थोबाडीतची आणि त्या वाक्याची ही पोच. पोच तुला नव्हती असं नाही, गुरू. ती मला द्यायची होती, मी दिली नाही.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.

अक्का


सोलापूर, १४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शरणु शरणार्थी.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. यावेळी कारण इंजिन नव्हतं. तुझा कागद देवघरात तसाच पडून होता. मी गाडीचं काम बंद केलं, तेव्हा धनलक्ष्मीला वाटलं माझी तब्येत बिघडली. चौदाव्या दिवशी अव्वानं विचारलं, अक्कानं काय लिहिलंय. मी सगळं पत्र वाचून दाखवलं.

ती गहू निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, हौदु, व्हय, मला माहीत होतं की. त्या दुपारी करंज्या करून आले तर अक्काच्या परकराला काळं तेल. ह्यांनी बघायच्या आत सोडा घालून धुतला, मागच्या दोरीवर वाळत टाकला. मी विचारलं, मग मला थोबाडीत बसली तेव्हा तू का गप्प होतीस. तर म्हणाली, तवा तुझे अप्पा म्हणत होते, पोरीला बारावी झाली की बास. पोरगी मोटरसायकल चालवते हे कळलं असतं तर बारावीचीही वाट बघितली नसती. तुला एक बसली, तू भाकरी खाऊन झोपलास. तिचं कॉलेज वाचलं की.

मी अव्वाला म्हटलं, आणि किल्ली? त्यावर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, त्या किल्लीचं काय घेऊन बसलास. पोचा नसता तरी दिली नसती. मला मागं बसवताना माणूस दोनदा इचार करायचा.

म्हणजे अक्का, ज्या वाक्यासाठी मी पोचा काढला, ते वाक्य बोलायला अप्पांना निमित्तच हवं होतं. आणि माझ्या एका थोबाडीत तू एम. ए. झालीस. हल्ली एवढ्यात बालवाडीत प्रवेश मिळत नाही. हिशोब काढायला बसलो तर मला तुझ्यावर रुसायचं कारणच सापडेना. तरी दोन दिवस आणखी रुसलो. सुरू केलेलं काम अर्धवट सोडायची सवय नाही.

कागद आरटीओत दिले, त्याची पोच मिळाली. उजवा पोचाही चन्नप्पाकडून काढून घेतला. तो म्हणाला, साहेब, एकदा नक्की ठरवा. आता टाकी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आहे.

येत्या रविवारी, १९ तारखेला, गाडी चालवत वैरागला येतो. अव्वा आणि धनलक्ष्मी मागून एस. टी. नं निघतील. अव्वा म्हणते, वाटेत बंद पडलेला दिसलास तर खिडकीतनं हात करू. हॉर्न अजून दिवाच लावतो, तेव्हा आवाज सायलेन्सरचा ओळखून बाहेर ये.

आल्या आल्या किल्ली तुझ्या हातात देणार आहे. अप्पांनी मला ती दिली नाही, पण तुला निदान मागायची तरी मुभा होती का? परकर आता नसेल, साडी नीट खोच. तिसऱ्या किकला सुरू होते, अजूनही. अंगणात रगडा असल्यास डाव्या हाताला येईल असा ठेव. उजवीकडं मी उभा राहतो, तिकडं पडायचं नाही.

या पत्राची पोच नको. पोचा चालेल.

तुझा,
गुरू