अंगठ्याखालची फडफड

कोलंबो, १२ फेब्रुवारी

प्रिय सोमतिलक,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, असं वाटतंय. ठेव, पण फेकू नकोस. अकरा वर्षांत वकिलाच्या कागदांखेरीज मी तुला काही पाठवलं नाही. मातऱ्याहून कुणी आलं की मात्र तुझी चौकशी करते. तू अजून मुखवटे कोरतोस, गावोगावच्या तोविलांना जातोस, तिथं रात्रभर आजाऱ्यांसाठी नाचतोस, पण हल्ली गुडघे धरतात, असं कळलं. तेल लावतोस ना?

आपली हसंती एकोणतीस वर्षांची झाली. खांदे अगदी तुझे, तिच्या ताताचे. सात वर्षं ती माझ्याच संचात नाचत आली. मागच्या वर्षी आम्ही आजारी शरीरावर एक नाच बसवायला घेतला. तीन महिने इस्पितळाच्या एका वॉर्डात जाऊन बसत होतो. तिथल्या डॉक्टर पुनितवती, जाफन्याच्या, फार कमी बोलणाऱ्या बाई. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत कसा पोचतो, ते त्यांनी आम्हाला कागदावर काढून दाखवलं. दुसरं सगळं मी तुझ्या घरातून घेतलं. अठरा रोगांच्या अठरा यक्षांची पावलं, तीही तुला न विचारता, पुन्हा एकदा. पहिल्या वेळी तू म्हणाला होतास की ही पावलं तिकीट काढून बघायची नाहीत, आणि मी तुझ्या वडिलांसमोर तुला गावंढळ म्हटलं होतं. ते मी विसरलेली नाही.

जुलैमधली गोष्ट. तालमीत दुपारी सगळे जमिनीवर बसून भाताची पाकिटं उघडत होते. हसंतीचा डावा हात गुडघ्यावर नुसता पडला होता आणि अंगठ्याखालचं मांस आपोआप फडफडत होतं. कातडीखाली बारीकसं काही जिवंत असावं तसं. आईनं तो हात हातात घ्यायला हवा होता. मी म्हटलं, हलू नकोस. प्रकाशयोजना करणाऱ्याला हाक मारली आणि एकच दिवा त्या हातावर आणायला सांगितला. नाचाचा शेवट मला तिथं सापडला. शेवटची सहा मिनिटं ती निश्चल बसते, सगळा अंधार, उजेड फक्त त्या फडफडीवर. ती एकदा हळूच म्हणाली, “अम्मा, हे मी करत नाहीये गं.” मी म्हटलं, म्हणून तर ते इतकं सुंदर आहे.

लोक रडले, सोमतिलक. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की देह स्वतःच प्रार्थना करतोय असं वाटलं. ते कात्रण मी भिंतीला लावलं. त्याच महिन्यात तिच्या हातून दोनदा चहाचा कप पडला, तेव्हा मी तिला धांदरट म्हणाले. जिना चढताना उजवा पाय अडखळायचा, त्यावर मी तिच्याकडून रोज तासभर जास्त सराव करून घेतला.

चौथ्या प्रयोगाला डॉक्टर पुनितवती आल्या. रंगपटात फुलं घेऊन रांग लागली होती. त्यांनी शाबासकी दिली नाही. हसंतीचा हात उलटा केला, अंगठ्याखाली दाबून पाहिलं आणि मला विचारलं, “हे तुम्ही बसवलंय की आपोआप होतं?” आपोआप, मी मिरवत म्हणाले. त्यांनी तो हात बराच वेळ सोडला नाही.

पुढं तपासण्या झाल्या. स्नायू हलवणारे मज्जातंतू एकेक करून मरतात, असा तो आजार आहे. औषध नाही. एक गोळी आहे, ती काही महिने पुढं ढकलते, एवढंच. डॉक्टरांनी हे आम्हा दोघींना समोर बसवून, आमच्या सिंहलीत, सावकाश सांगितलं. जुलैतच आणलं असतं तर? मी तीनदा विचारलं. त्या तिन्ही वेळा म्हणाल्या, फारसा फरक पडला नसता. खरं सांगतात की माझ्यावर दया करतात, ते मला कळत नाही.

आता तिला डावा हात उचलता येत नाही. कुबडी घेऊन चार पावलं टाकते. सकाळी मी तिला पाल्याची पेज भरवते, तर म्हणते, “अम्मा, तालात भरव, मध्येच थांबतेस.” जीभ जड झाली आहे, पण तिचे शब्द अजून कळतात. मी बोधिवृक्षाला पाणी घातलं, कतरगमच्या देवाला नवस बोलले, वैद्याच्या तेलानं तिचे पाय चोळले. ज्या सगळ्याला मी हसायचे, ते सगळं केलं. माणसाच्या अंगातला एकेक स्नायू मला नावानिशी ठाऊक आहे, त्यातला एकही मला तिच्यासाठी हलवता येत नाही.

हे पत्र मी तिच्या सांगण्यावरून लिहिते आहे. पेन तिच्या हातात राहत नाही. परवा व्हरांड्यात ऊन घेत बसली होती. म्हणाली, “ताताला बोलव. मला त्याचं तोविल हवंय.” मला वाटलं, बरं होण्याची आशा धरून बसली आहे. मी घाबरून समजावायला लागले, तर ती चिडली. म्हणाली, “बरी नाही होणार, माहीत आहे मला. पण तिथं आजारी माणसाला नुसतं बसायचं असतं ना? नाचायचं बाकीच्यांनी.” माझ्याकडे असा एकही नाच नाही, सोमतिलक. मी आजवर बसवलेल्या प्रत्येक नाचात तिलाच नाचावं लागतं. तू ये. ढोलवाले आण, नाही मिळाले तर एकटा ये. गुडघे धरत असतील तर जेवढं जमेल तेवढंच नाच. तिची वाचा आहे तोवर ये, म्हणजे ती तुला ताता म्हणेल.

काय नात्यानं सही करावी ते कळत नाही, तरी तुझी,
अनोमा