जुनं घड्याळ माझ्याच मनगटावर राहील

मी, खाली सही करणारी, वयाने सत्तरी ओलांडलेली, धंदा दातांच्या कवळ्या करणे, राहणार स्वतःच्या घरात आणि यापुढेही तिथंच राहणार, आज पूर्ण शुद्धीत, हातात पेन आणि डोक्यात राग घेऊन माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवत आहे. "कोणाच्याही दबावाखाली नाही" असं इथं लिहायची रीत आहे, असं वकीलबाई म्हणाल्या. ते मी लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. दबाव आहे, आणि तो माझ्या मुलाचा आहे. गेल्या रविवारी तो याच टेबलाशी बसून म्हणाला, "आई, एक तर नवीन घड्याळ सतत हातात ठेव आणि नदीकाठची ती लांबची वाट बंद कर. नाहीतर हे घर विकू आणि तू आमच्याकडे ये. यातलं काहीच करणार नसशील, तर निदान मृत्युपत्र तरी करून ठेव." तिन्हींपैकी शेवटची गोष्ट मला झेपण्यासारखी वाटली, म्हणून हा कागद.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करण्यासारखं काही नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी माझे मधलेमधले शेरे गाळायचा प्रयत्न केला होता. तो हाणून पाडला आहे.

कलम पहिलं. हे दोन खोल्यांचं घर, मागच्या कामाच्या खोलीसह, माझ्या पश्चात मुलाला आणि सुनेला निम्मं-निम्मं मिळावं. "माझ्या पश्चात" हे शब्द ठळक टाइप करावेत. कारण गेल्या महिन्यात एक दलाल फीत घेऊन आला, मला न विचारता स्वयंपाकघर मोजू लागला आणि मोजता मोजता दाराशी ठेवलेल्या माझ्या पळायच्या बुटांवर उभा राहिला. "आजी, तुम्ही बसा ना," म्हणाला. मी बसले नाही, त्यालाच बाहेर काढला. माझा श्वास चालू आहे तोवर या घरात कुणी फीत उघडायची नाही.

कलम दुसरं. बँकेत जे काही असेल तेही त्या दोघांचंच. फक्त त्यातून दर वर्षी नदीकाठच्या शर्यतीत शेवटच्या चढाच्या पायथ्याशी पाण्याचं एक टेबल लावावं. तिथं आजवर कुणी लावलेलं नाही, आणि नेमकं तिथंच घशाला कोरड पडते. टेबलावर माझा फोटो ठेवू नये. पळताना कुणाला मेलेल्या बाईचं तोंड बघायचं नसतं.

कलम तिसरं. मेणाच्या सुऱ्या, पितळी साचे, पॉलिशचं मशीन आणि लाकडी हातोडा, हे सगळं मी पूर्वी कामाला होते त्या दातांच्या लॅबमध्ये माझ्या जागी आलेल्या बाईला द्यावं. तिनं आल्या आल्या माझ्या स्टुलाची उंची बदलली, याचा राग मी पुष्कळ वर्षं धरून ठेवला. पण तिनं केलेली कवळी तोंडात हलत नाही, मग राग धरून करायचं काय? स्टूल मात्र देऊ नये.

कलम चौथं. धाकट्या भावजींना माझी पळायची काळी अर्धी चड्डी द्यावी. आमचे हे गेल्यावर मी पळायला लागले, तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "वहिनी, वयाचं तरी भान ठेवा. लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नाहीत, लोक त्या वेळी झोपलेले असतात. आमचे हे आरामखुर्चीत बसून, चहाचा कप हातात असताना गेले. तेव्हा आरामखुर्चीवर बंदी घाला असं भावजींना सुचलं नाही. उलट ती खुर्ची ते मागून घेऊन गेले आणि आजही तिच्यातच पसरलेले असतात. चड्डी धुवून ठेवलेली असेल. नाडी नवीन घातली आहे.

कलम पाचवं. आता वादाची वस्तू, म्हणजे मुलानं आणलेलं नवीन जीपीएस घड्याळ.

नवीन घ्यावं की जुनंच चालवावं, हा प्रश्न आईनं हट्टापायी निकालात काढला, असं मुलगा सांगत फिरतो. साफ खोटं. मी दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधून कितीतरी सकाळी पळाले. रस्त्यात लोक हसले, हसू देत. नव्याची बाजू आधी लिहिते, म्हणजे अन्याय झाला असं वाटायला नको. आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवाय दिसतात. एकदा चार्ज केलं की बरेच दिवस बघायला नको. वाट इतकी नेमकी काढतं की मी कुठल्या बाजूच्या फुटपाथवरून गेले तेही कळतं. माझं जुनं उंच इमारतींमध्ये शिरलं की गोंधळतं. त्याच्या मते मी बँकेच्या भिंतीतून आरपार जाते आणि पूल सोडून पाण्यावरून नदी ओलांडते. त्याची बॅटरी घरी पोचेपर्यंत जेमतेम टिकते. चार्जिंगची क्लिप कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं दाबून धरावी लागते. हे सगळं कबूल. पण घरी येऊन दोन्ही पडदे शेजारी ठेवले, तेव्हा वेळ दोन्हींत सारखीच निघाली. पळाले होते मीच, आणि तेवढीच.

जास्तीचं जे नवीन घड्याळ मोजतं, ते माझ्यासाठी नाहीच. झोप मोजतं, धाप मोजतं आणि मग मला शेरे देतं. एकदा चढ चांगला दम टिकवून चढून आले, खुशीत पडदा बघितला, तर तिथं लिहिलेलं, "अनुत्पादक". अगं बाई! अर्ध्या शहराच्या तोंडात माझे दात आहेत, आणि मला अनुत्पादक म्हणतंय मेलं!

तरी मी ते काढलं नव्हतं. काढलं ते हातोड्यामुळे. कवळी साच्यात शिजवून झाली की भोवतीचं प्लास्टर हातोड्यानं फोडून काढावं लागतं. जुनी काही गिऱ्हाइकं अजून माझ्याकडेच येतात, त्यांचं काम मी मागच्या खोलीत करते. त्या दिवशी हातात जाड मोजे, शेजारी पॉलिशचं मशीन घरघरतंय आणि मनगटावर ते नवीन घड्याळ. मी साच्यावर दणादण दोन-चार घाव घातले. घड्याळाला वाटलं, म्हातारी पडली. ठीक आहात का म्हणून ते थरथरून विचारत राहिलं म्हणे, पण मोज्यातून मला काय कळणार? मग त्यानं मुलाला कळवलं, नकाशासकट. मुलानं फोन केला, फोन स्वयंपाकघरात. मुलगा विम्याच्या कचेरीत कामाला, त्याला दिवसभर अपघातच दिसतात. तो वाटेतून किल्लीवाल्याला उचलून घेऊन आला, दोघांनी मिळून पुढच्या दाराचं कुलूप फोडलं आणि धावत मागच्या खोलीत शिरले. मी हातोडा हातात घेऊन उभी. किल्लीवाला घाबरून दोन पावलं मागं सरला.

मुलगा मात्र तिथंच जमिनीवर बसला, प्लास्टरच्या चुऱ्यात, कचेरीच्या कपड्यांसकट. "आई, मला वाटलं तू..." एवढंच म्हणाला आणि पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी दगड नाही. हातोडा ठेवला, त्याच्या शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला. तोवर सगळं ठीक होतं. पण डोळे पुसल्यावर तो म्हणाला, "आता बस झालं हे पळणं." घड्याळ चुकलं, आणि शिक्षा मला! तिथून आमचं बिनसलं ते आजपर्यंत.

तर नवीन घड्याळ मुलालाच मिळावं, आणि त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात असं लिहिता येत नाही. लिहिलं आहे. खरं तर मी ते परवाच त्याच्या मनगटावर बांधलं, आणि त्याचा ठिपका माझ्या फोनवर दिसेल अशी सोय सुनेकडून करून घेतली. ठिपका सकाळपासून संध्याकाळपर्यंत विम्याच्या कचेरीत एका जागी बसलेला असतो. बघून माझ्या जिवाला घोर लागतो. पोट सुटलंय त्याचं, जिना चढताना फुसफुसतो. म्हणजे त्याला काय होत असेल ते मला आता पुरतं कळलं आहे. पण मी त्याला नोकरी सोडून माझ्याकडे राहायला ये, असं म्हटलेलं नाही.

कलम सहावं. जुनं घड्याळ माझ्या पश्चात सूनबाईला द्यावं, चिमट्यासकट. कारण कुलूप फोडल्याच्या संध्याकाळी सगळे मला झापत होते, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आई, आज सकाळी किती झालं तुमचं?" इतक्या वर्षांत घरातल्या कुणी हे विचारलं नव्हतं. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "बाप रे, मला बसथांबा गाठताना धाप लागते." ते ऐकून मी मनाशी ठरवून टाकलं.

सूनबाई, एक सांगून ठेवते. या घड्याळाला उपग्रह सापडायला फार वेळ लागतो. बागेच्या फाटकाशी हात वर करून खुळ्यासारखं उभं राहावं लागतं. मी आणि चष्म्याच्या दुकानवाली, दोघींची घड्याळं अशीच रडकी, त्यामुळे दोघी रोज तिथं ताटकळायचो. आमचे हे गेल्यावर जे कुणाशी बोलले नाही, ते त्या फाटकाशी तिच्याशी बोलले. तिची मुलगी घर सोडून गेली, तेही मला तिथंच कळलं. मध्येच एकीचं घड्याळ वाजायचं, सापडलं म्हणून, आणि दुसरी म्हणायची, "थांब गं, माझं राहिलंय." नवीन घड्याळाला पाय उचलेपर्यंत उपग्रह सापडतो. मग माणसं सरळ पळत सुटतात. तेव्हा तू हे बदलायच्या आधी कुणाबरोबर तरी त्या फाटकाशी थोडे दिवस उभी राहून बघ. मग हवं तर टाक.

कलम सातवं. माझी काळजी करण्याचा हक्क मी मुलाला पूर्णपणे आणि कायमचा देत आहे. तो त्याच्याकडे आधीपासूनच होता. मला थांबवण्याचा हक्क मात्र माझ्या मिळकतीत कधी आलाच नाही, आईवडिलांकडून नाही, नवऱ्याकडून नाही, म्हणून तो मला कुणाच्या नावे करता येत नाही. डॉक्टरांनी छातीच्या तपासणीचा कागद बघून "पळा, पण जपून" असं सांगितलं आहे. मी दोन्ही करते. उद्या सकाळी नदीकाठची लांबची शर्यत आहे आणि मी ती जुनं घड्याळ बांधून पळणार आहे. मुलाला बघायचं असेल तर त्यानं फोनमध्ये बघू नये. शेवटच्या चढावर येऊन उभं राहावं. पळायचे बूट घालून आला तर अधिक बरं.

कलम शेवटचं. हे एकट्या मुलासाठी आहे, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

राजा, उद्या नाहीतर पुढं कधीतरी मी वाटेत पडले आणि उठले नाही, तर मला "बिचारी" म्हणू नकोस, आणि कुणाला म्हणू देऊ नकोस. मी तिथं चुकून गेलेली नसेन, वेणी घट्ट घालून, बुटांच्या नाड्या बांधून, हौसेनं गेलेली असेन. माझ्या देहाचं तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. पण त्याच्या आधी माझं डावं मनगट हातात घे. घड्याळ अजून चालूच असेल, त्याला काही कळलेलं नसेल. उजवीकडचं खालचं बटण दाब, म्हणजे ते थांबेल. घाई नाही. थांबलं की ते विचारतं, हे पळणं जतन करू, की टाकून देऊ? पूर्ण झालेलं नाही म्हणून टाकून देशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे, अर्धवट कागद तुला फायलीत चालत नाहीत. तसं करू नकोस. जेवढं झालं तेवढं माझं आहे. जतन कर.

येणेप्रमाणे हा कागद मी स्वतः वाचून, कुठंही न खोडता, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करून दिला आहे.

सही: कवळीबाई

साक्षीदार एक: चष्म्याच्या दुकानवाली (सही चष्मा लावून केली आहे. उद्या तीही पळणार आहे.)

साक्षीदार दोन: किल्लीवाला (लिहून देणारी बाई जिवंत व धडधाकट असल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी, कुलूप फोडून, पाहिलेलं आहे.)

ठिकाण: माझं घर, मागची खोली

दिनांक: शर्यतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी