डाव्या हाताची ओढणी

प्रिय आई,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, भाड्याची भांडी परत गेली आणि मी तुला पत्र लिहायला बसले. तू असताना काही सांगायला आले की म्हणायचीस, कामं पडलीत, नंतर बोलू. आता तुला कसलं काम आहे? ऐक.

धाकट्या सुजूने तुझ्या फोटोखाली घालायला तिची ओढणी आणली होती. तिची! तीच मेंदी रंगाची सुती ओढणी, लाल-पिवळ्या दोऱ्याने भरलेली, काठाला आरसेच आरसे. साताऱ्याहून आलेल्या बायका तिच्यावरून हात फिरवत होत्या आणि सुजूची सासू कौतुकाने सांगत होती, आमच्या सुनेने लग्नाआधी भरलीय. मी चहाचे कप उचलत होते.

हे काम मी जमनाबेनकडून शिकले. नेरूळच्या नव्या सोसायटीत आपण आलो तेव्हा मजल्यावर त्यांचं आणि आपलं, दोनच घरं होती. आरशाला भोक नसतं, आई. आधी आडवेउभे दोरे ताणून त्याला कापडावर धरून ठेवायचं, मग त्या दोऱ्यांना पकडत गोल टाका घालत जायचं. जमनाबेन एका बाजूने जायच्या, मी डावखुरी, उलट्या बाजूने. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाल्या, "तू उलटा जा, आरसा तो सीधा ही बैठेगा."

तुला मात्र माझ्या डाव्या हाताचं किती वाटायचं! लहानपणी तो पाठीशी बांधून तू मला उजव्या हाताने जेवायला लावायचीस. मला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा मी घाबरून पोह्यांची बशी डाव्या हाताने पुढे केली. त्यांनी नकार कळवला आणि कारणही कळवलं. त्यानंतर घरात काहीही बिनसलं की तू त्या बशीपाशीच यायचीस.

ती ओढणी मी माझ्यासाठी भरत होते. लग्न नाही तर नाही, कधीतरी सणाला अंगावर घेईन, एवढंच मनात होतं.

मग सुजूला बघायला न्हावा शेव्याला नोकरी असलेल्या मुलाची माणसं यायची ठरली. त्या सकाळी तू माझ्या हातातला झाडू काढून घेतलास. "आजच्या दिवस जमनाबेनकडं बस. तू दिसलीस की थोरलीचं का राहिलं म्हणून इचारतील." मी गेले. भिंतीपलीकडे कपबश्या वाजत होत्या. माझ्या कपाटातून ओढणी काढून तू त्यांच्यासमोर पसरलीस आणि सुजूची म्हणून सांगितलीस, हे मला संध्याकाळी कळलं. तूच सांगितलंस, खुशीत. मुलाची आई म्हणाली म्हणे, मुलीचा हात चांगला आहे. कोणाचा हात गं, आई? आणि कुठला?

रुखवतात ती मधोमध मांडली होती. वर थर्माकोलची अक्षरं, चि. सौ. कां. सुजाता हिच्या हातचे. ती अक्षरं कापायलाही तू मलाच बसवलंस.

पुढे तिच्या सासरी कोणाला तोरण हवं, कोणाला बटवा. तू पिशवी आणून माझ्यापुढे ठेवायचीस आणि म्हणायचीस, बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे. मी मूग गिळून भरून द्यायचे. माझ्या संसाराचा प्रश्न तुला कधी पडला होता का?

तुझ्या आजारपणात मी तुला पेज भरवायचे, तीही उजव्या हाताने. चमचा थरथरायचा, पेज तुझ्या हनुवटीवर सांडायची. डावा हात नुसता मांडीवर पडलेला. हात बदल, एवढं एक तू म्हणाली असतीस तर! मी खरंच वाट बघत होते. पण तुला सांडलेली पेज चालली.

तर काल तुझा फोटो उचलताना ओढणी टेबलाच्या खिळ्यात अडकली आणि एक आरसा सुटला. सासू सुजूला म्हणाली, तूच भरलीयस ना, लावून टाक. सुजूने सुई घेतली. आरसा निसटून खाली पडला, तिने उचलला, पुन्हा पडला. तिची मनू, दुसरीतली, शेजारी बसून बघत होती. तिने आईच्या हातातून सुई घेतली आणि बाकीच्या आरशांकडे बघून बघून दोरा फिरवायला लागली. डाव्या हाताने. माझ्याच बाजूने. सुजूने फाडकन तिच्या हातावर मारलं. "किती वेळा सांगितलं, त्या हाताने नाही म्हणून!"

पोरीने हात मागे घेतला तेव्हा मला तिचं मनगट दिसलं. त्यावर बांधल्याचा वळ होता. तू शिकवलंस ना हे सुजूला?

मी कप खाली ठेवले आणि डावा हात सगळ्यांसमोर धरला. म्हणाले, "ती ओढणी मी भरलीय. या हाताने."

सुजूची सासू तुझ्या फोटोकडे बघत म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलंत?" सुजू रडायला लागली. मला तिची दया आली नाही. तुझ्यासाठीही मी अजून रडलेली नाही, आई, आणि रडेन की नाही ते मला ठाऊक नाही.

ओढणी सुजू इथेच टाकून गेली. सुटलेला आरसा मी लावलेला नाही. मनू मे महिन्याच्या सुट्टीत राहायला येईल, तेव्हा तो तिच्याकडून लावून घेईन, तिच्याच हाताने, कितीही वाकडा बसला तरी. या घरात तिचा हात कोणी बांधणार नाही, हा माझा तुला शब्द. तुझ्या फोटोसमोरच बसवीन तिला. तू बघत राहा.

तुझी थोरली,
मंदा